फ्लॅशच्या जुन्या सीडी आणि त्यांचे व्हिडिओ : सगळ्या फायली हाताने करायच्या नसतील तर

ताई शाळेतून निवृत्त झाली तेव्हा घरी एक खोकं आलं. त्यात तक्ते, खडूचे उरलेले डबे आणि रबरबँडने बांधलेल्या सीडी होत्या. याच सीडी लावून ती संगणक खोलीत मुलांना जलचक्र, पचनसंस्था, अपूर्णांक दाखवायची. ‘यातलं जलचक्र मोबाइलवर दिसेल असं करून दे,’ एवढंच तिचं मागणं. सीडी लावली तर आत एसडब्ल्यूएफ नावाच्या फायलींचा ढीग. एकीवर डबल क्लिक केलं, तर संगणकच मला विचारू लागला की ही कशात उघडू.

या फायली फ्लॅशच्या, म्हणजे अ‍ॅनिमेशन बनवायच्या आणि दाखवायच्या जुन्या प्रणालीच्या. फ्लॅश बंद पडणार हे अडोबीने जुलै 2017 मध्येच सांगून टाकलं होतं. 31 डिसेंबर 2020 ला त्याचा आधार संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच फायली चालवायला नकार देऊ लागला. फायली जिवंत आहेत, त्या वाचणारा गेला. तुमच्याकडे असा ढीग असेल, टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडता येत असेल आणि पायथनची तोंडओळख असेल, तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत करायच्या. ‘सीआरएफ’ म्हणजे ती तीन अक्षरं, ‘-आय’ म्हणजे वजा चिन्ह आणि त्याला चिकटून एक अक्षर.

एसडब्ल्यूएफ हा व्हिडिओ नव्हे

इथे चुकलं की पुढचे दोन दिवस वाया जातात, म्हणून आधी हे. व्हिडिओत तयार चित्रांची चळत असते. एसडब्ल्यूएफमध्ये चित्र काढायच्या सूचना असतात: हा निळा ढग घे, इथे ठेव, पुढच्या फ्रेमला थोडा उजवीकडे सरकव, चाळिसाव्या फ्रेमला थांब आणि बटण दाबायची वाट बघ. नाटकाची संहिता आणि नाटकाचं चित्रीकरण यांत जो फरक, तोच इथे. संहितेचा प्रयोग कुणीतरी करावा लागतो, तेव्हा कुठे चित्रीकरण होतं.

नवखा माणूस नेमका इथे फसतो. एफएफएमपेग, म्हणजे कमांडने चालणारा व्हिडिओ-आवाज बदलायचा प्रोग्रॅम, सगळं बदलून देतो असं ऐकलेलं असतं, म्हणून तो एसडब्ल्यूएफ थेट त्याच्या हवाली करतो. एफएफएमपेग ती फाइल उघडतं खरं, पण आत कुणी तयार व्हिडिओ किंवा आवाज भरून ठेवला असेल तेवढाच बाहेर काढतं. रेषा-आकारांची चित्रं काढणं त्याला येत नाही. मग नुसता आवाज हाती येतो, नाहीतर चूक दाखवून ते थांबतं.

म्हणून काम दोन टप्प्यांत होतं. आधी प्रयोग करणारं कुणीतरी प्रत्येक फ्रेमचं पीएनजी चित्र काढतं, मग एफएफएमपेग ती चित्रं आणि आवाज जोडून व्हिडिओ बांधतं. प्रयोग करणारी दोन मोफत साधनं आहेत. एफएफडेक, म्हणजे जेपेक्स फ्री फ्लॅश डीकम्पायलर, जावावर चालतं. ते फाइल उलगडून मुख्य टाइमलाइन, म्हणजे फ्रेमांचा मुख्य क्रम, चित्रांत उतरवतं, पण आतली अ‍ॅक्शनस्क्रिप्ट, म्हणजे बटणं वगैरे हलवणारा फ्लॅशच्या आतला प्रोग्रॅम, चालवत नाही. दुसरं रफल. हे रस्ट भाषेत लिहिलेलं फ्लॅशचं अनुकरण. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर 2020 पासून जुनी फ्लॅश चित्रं दाखवायला हेच घेतलं. रफल अ‍ॅक्शनस्क्रिप्टही चालवतं. त्याच्या सोर्समध्ये ‘एक्स्पोर्टर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो फ्रेमांची चित्रं काढून देतो, आवाज मात्र देत नाही.

माझा सल्ला: सुरुवात एफएफडेकने करा. साध्या, बटणं नसलेल्या अ‍ॅनिमेशनला ते पुरतं. जिथे चित्रं अर्धवट निघतील तिथे रफलकडे जा.

पायरी 1 : सीडीवरून उतरवा, आणि निवडा

सीडीवरून थेट काम करू नका. जुनी सीडी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाचायला लावली की घरघरत बसते. सगळं एका ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये उतरवा, प्रत्येक सीडीचं वेगळं उपफोल्डर ठेवा, आणि त्या फोल्डरला पुढे कधीही हात लावू नका.

मग काय काय निघालं ते बघा. साधारण हे प्रकार सापडतात.

एसडब्ल्यूएफ फायली तर असतातच. काही सीडींवर त्या दिसतच नाहीत, एकच भलीमोठी ईएक्सई असते. ती बहुधा फ्लॅशचा प्रोजेक्टर असते, म्हणजे प्लेअर आणि त्याच्या शेपटीला चिकटवलेली एसडब्ल्यूएफ. अशा ईएक्सईचे शेवटचे चार बाइट म्हणजे आतल्या एसडब्ल्यूएफची लांबी. तेवढं मागे जाऊन, शेवटचे आठ बाइट सोडून, तुकडा कापला की एसडब्ल्यूएफ हातात.

डीसीआर, डीआयआर, डीएक्सआर असं शेपूट असलेल्या फायली मॅक्रोमीडिया डायरेक्टरच्या. हे घराणंच वेगळं आणि या लेखातली साधनं त्यांना लागू नाहीत. त्या बाजूला काढा.

एफएलव्ही असेल तर नशीब, तो आधीच व्हिडिओ आहे. आत एच264 (चित्र दाबायची पद्धत) आणि एएसी (आवाज दाबायची) असेल तर ‘-सी कॉपी’ देऊन नुसतं वेष्टन बदलता येतं, गुणवत्ता रतिभरही कमी होत नाही. आत सोरेन्सन किंवा व्हीपी6 या जुन्या पद्धती असतील तर मात्र नव्याने एन्कोड करावं लागेल. एफएफएमपेगबरोबरच येणारं एफएफप्रोब चालवलं की काय आहे ते कळतं.

जिफ आणि त्याहून जुन्या एफएलआय, एफएलसी फायलींबद्दल शेवटाकडे थोडं सांगतो. त्या सोप्या आहेत.

पायरी 2 : फाइलचं डोकं वाचा

ही पायरी सगळे गाळतात. मला विचाराल तर ऑटोमेशनचं निम्मं काम इथेच होतं. पुढे लागणारे तीन आकडे फाइलच्या पहिल्या वीस-पंचवीस बाइटांतच असतात: पडद्याचा आकार, सेकंदाला किती फ्रेम, आणि एकूण फ्रेम किती.

पहिली तीन अक्षरं एफडब्ल्यूएस असतील तर फाइल दाबलेली नाही. सीडब्ल्यूएस असतील तर पहिले आठ बाइट सोडून उरलेलं झेडलिबने दाबलेलं आहे. पायथनचं झेडलिब ते एका ओळीत उलगडतं. झेडडब्ल्यूएस असेल तर एलझेडएमए, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सीडीवर ते भेटण्याची शक्यता जवळपास नाही. चौथा बाइट म्हणजे आवृत्ती. आठ बाइटांच्या पुढे खरी गंमत.

ताईच्या जलचक्रात उलगडल्यावर पुढचे बाइट असे निघाले:

78 00 05 5एफ 00 00 0एफ ए0 00 00 0सी

हे हेक्साडेसिमल आहे. 78 चं द्विमान रूप 01111000. पहिले पाच बिट 01111, म्हणजे 15. याचा अर्थ पुढचे चार आकडे प्रत्येकी 15 बिटांत लिहिले आहेत: डावी कड, उजवी कड, वरची, खालची. बिट मोजत गेलं की 0, 11000, 0, 8000 असे आकडे निघतात. हे पिक्सेल नव्हेत, ट्विप आहेत, आणि 20 ट्विप म्हणजे एक पिक्सेल. भागाकार केला की 550 बाय 400. फ्लॅशमध्ये नवी फाइल उघडली की याच आकाराचा कोरा पडदा यायचा, आणि घाईत असलेले कलाकार तो तसाच ठेवायचे. तो निम्म्या जगाने तसाच ठेवलेला दिसतो.

पाच अधिक साठ असे 65 बिट झाले, ते नऊ बाइटांत मावतात. दहावा बाइट 00 आणि अकरावा 0सी: सेकंदाला 12 फ्रेम, दहावा बाइट त्याचा अपूर्णांक. त्यानंतरच्या दोन बाइटांत एकूण फ्रेम, धाकटा बाइट आधी. पायथनमध्ये हे पंधरा ओळींत लिहून होतं. सगळ्या फायलींवर ते चालवून एक सीएसव्ही तक्ता बनवा: फाइलचं नाव, रुंदी, उंची, वेग, फ्रेम, आणि फ्रेमला वेगाने भागून आलेले सेकंद.

तक्त्यात मराठी नावं असतील तर फाइल लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-8-सिग’ द्या. नुसतं यूटीएफ-8 दिलं तर एक्सेल उघडताना बऱ्याचदा अक्षरांचं कडबोळं करतं.

आता तक्ता सेकंदांप्रमाणे लावा आणि वरच्या ओळी बघा. काही फायलींत एकूण फ्रेम 1 किंवा 2 दिसतील, पण फाइल चांगली जाडजूड असेल. त्या बिघडलेल्या नाहीत. कलाकाराने अख्खं अ‍ॅनिमेशन एका मूव्ही क्लिपमध्ये, म्हणजे स्वतःची टाइमलाइन असलेल्या तुकड्यात, ठेवून ती क्लिप मुख्य टाइमलाइनच्या पहिल्या फ्रेमवर टाकलेली असते. डोक्यातला आकडा फक्त मुख्य टाइमलाइनचा. अशा फायलींना तक्त्यात खूण करा, एफएफडेकच्या खिडकीत उघडून आतल्या क्लिपच्या फ्रेम मोजा आणि तो आकडा हाताने भरा. त्यांना रफलचा एक्स्पोर्टर लावायचा आणि ‘--फ्रेम्स’ला हाच आकडा द्यायचा.

दुसरा त्रासदायक प्रकार: ‘मेन’ नावाची एक फाइल आणि तिच्या मागे ‘1’, ‘2’, ‘3’. मुख्य फाइल नुसती अनुक्रमणिका असते, प्रत्येक धडा वेगळ्या फाइलमधून येतो. अनुक्रमणिकेचा व्हिडिओ करण्यात अर्थ नाही, धड्यांचा करा.

पायरी 3 : एक फाइल हाताने

स्क्रिप्ट लिहायला हात शिवशिवत असतात, पण आधी एक फाइल हाताने शेवटपर्यंत न्या. जलचक्र घेऊ.

एफएफडेक -फॉरमॅट फ्रेम:पीएनजी -झूम 2 -एक्स्पोर्ट फ्रेम चित्रे जलचक्र.एसडब्ल्यूएफ

‘चित्रे’ हे बाहेर पडणाऱ्या फोल्डरचं नाव. झूम 2 मुळे 550 बाय 400 चं 1100 बाय 800 होतं. चित्र रेषांनी बनलेलं असल्यामुळे मोठं केल्यावर ते फाटत नाही, उलट शाळेच्या जुन्या मॉनिटरवर कधी दिसलं नव्हतं इतकं स्वच्छ दिसतं. आत कुणी फोटो चिकटवला असेल तर तेवढा मात्र धुरकट राहील.

आवाज वेगळा काढायचा:

एफएफडेक -फॉरमॅट साउंड:एमपी3_वेव्ह -एक्स्पोर्ट साउंड आवाज जलचक्र.एसडब्ल्यूएफ

आणि आता बांधणी:

एफएफएमपेग -फ्रेमरेट 12 -आय चित्रे/%डी.पीएनजी -आय आवाज/1.एमपी3 -सी:व्ही लिबएक्स264 -सीआरएफ 18 -पिक्स_एफएमटी वाययूव्ही420पी -सी:ए एएसी -मूव्हफ्लॅग्ज +फास्टस्टार्ट जलचक्र.एमपी4

आवाजाच्या फोल्डरमध्ये फाइलचं नाव वेगळं निघेल, ते बघून घाला. या ओळीतले काही तुकडे समजून घेतलेले बरे.

‘-फ्रेमरेट 12’ हे चित्रांच्या ‘-आय’च्या आधीच हवं. विसरलात तर एफएफएमपेग चित्रमालिका सेकंदाला 25 धरतं. एका मिनिटाचं अ‍ॅनिमेशन 720 फ्रेमचं, ते 28.8 सेकंदांत उरकतं. ढग धावत सुटतात आणि निवेदक बाई मागे एकट्याच बोलत राहतात. पहिल्यांदा माझं हेच झालं होतं, आणि मी अर्धा तास आवाजाच्या फाइलला दोष देत बसलो.

‘%डी’ म्हणजे क्रमांक. एफएफडेकच्या चित्रांची नावं 1, 2, 3 अशी असतात, पुढे शून्यं नसतात. त्यामुळे नावांची वर्णक्रमाने यादी करणारी कोणतीही युक्ती इथे घोळ घालते: 1 नंतर 10, मग 100, मग 2. ‘%डी’ने क्रम बरोबर लागतो. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये लिहिताना ते टक्क्याचं चिन्ह दोनदा द्यावं लागतं.

‘वाययूव्ही420पी’ हा रंग साठवायचा प्रकार नसेल तर व्हिडिओ संगणकावर दिसेल, मोबाइलवर किंवा टीव्हीवर कदाचित नाही. या प्रकाराला रुंदी आणि उंची दोन्ही सम लागतात. 2 ने झूम केलं तर पूर्ण पिक्सेलांचा पडदा आपोआप सम होतो. झूम न करता 551 सारखी रुंदी निघाली तर एफएफएमपेग अडून बसेल.

सीआरएफ 18 मी सवयीने देतो. आकडा जितका लहान तितकी प्रत चांगली आणि फाइल मोठी. न सांगितल्यास 23 धरला जातो. सपाट रंगांची चित्रं तशीही छान दाबली जातात, तेव्हा इथे कंजूषपणा करण्यात हशील नाही. ‘फास्टस्टार्ट’मुळे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि ऑनलाइन बघताना व्हिडिओ लगेच सुरू होतो.

बाजूला काळे पट्टे लावून चित्र आजच्या रुंद पडद्याच्या मापात बसवू नका, आणि ताणून तर मुळीच नको. सूर्य लंबगोल दिसतो.

आवाजाची गोम

फ्लॅशमध्ये आवाज दोन प्रकारे लागतो. ‘स्ट्रीम’ आवाज टाइमलाइनला शिवलेला असतो, फ्रेमगणिक तुकड्या-तुकड्याने. निवेदन बहुधा असं असतं. एफएफडेक त्याची एक सलग फाइल देतं. तो पहिल्या फ्रेमपासून सुरू होत असेल तर वरच्या कमांडने तो जागच्या जागी बसतो.

‘इव्हेंट’ आवाज फटाक्यासारखा: एखाद्या फ्रेमवर वात पेटते आणि तो आपल्या वेगाने वाजत राहतो. विजेचा कडकडाट, टिंग, टाळ्या. एफएफडेकमधून कडकडाटाची फाइल मिळते, पण ती केव्हा वाजवायची ते त्या फाइलमध्ये नसतं. टाइमलाइन उघडून कोणत्या फ्रेमवर आवाज सुरू होतो ते बघायचं. वेळ काढताना फ्रेममधून एक वजा करायला विसरू नका, कारण फ्रेमची मोजणी 1 पासून आहे आणि घड्याळाची 0 पासून. 37व्या फ्रेमवरचा कडकडाट म्हणजे 36 भागिले 12, बरोबर 3 सेकंद. एफएफएमपेगच्या ‘एडिले’ फिल्टरला हे मिलिसेकंदांत सांगायचं: एडिले=3000:ऑल=1. ते ‘ऑल=1’ गाळलं तर स्टिरिओ आवाजाची एकच बाजू उशिरा वाजते. हेडफोन लावल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

प्रत्येक टिंगसाठी हे करत बसायचं का? मी नाही करत. निवेदन नीट बसलं की पुरे. धड्याला आवश्यक असेल तोच इव्हेंट आवाज जोडतो.

पायरी 4 : आता स्क्रिप्ट

हाताने केलेलं काम आता पायथनवर सोपवायचं. स्क्रिप्ट हुशार नसली तरी चालेल, पण ती मध्येच बंद पडली आणि पुन्हा चालवली तर झालेलं काम बिघडता कामा नये. आपल्याकडे रात्रभर लाईट राहील याची खात्री कोण देणार?

तक्त्याची एकेक ओळ घ्यायची. व्हिडिओचं नाव ठरवताना सीडीचं आणि फोल्डरचं नाव त्यात गुंफायचं, कारण प्रत्येक सीडीवर एक ‘1.एसडब्ल्यूएफ’ असतेच, आणि नुसतं फाइलचं नाव ठेवलं तर दुसरी सीडी पहिलीचं काम पुसून टाकते. त्या नावाचा व्हिडिओ आधीच असेल तर पुढच्या ओळीवर जायचं. नसेल तर तात्पुरतं फोल्डर करून त्यात चित्रं काढायची, आवाज काढायचा, व्हिडिओ बांधायचा, आणि सगळं सुरळीत झालं की ते तात्पुरतं फोल्डर पुसायचं. दोन मिनिटांच्या धड्याची 1440 चित्रं होतात. ती साठत गेली तर हार्ड डिस्क सकाळपर्यंत तुडुंब.

व्हिडिओ थेट अंतिम नावाने लिहू नका. आधी ‘अर्धा-जलचक्र.एमपी4’ लिहा, एफएफएमपेगने शून्य हा निकाल परत दिला की मगच नाव बदला. असं केलं नाही तर लाईट गेली त्या क्षणीची अर्धी फाइल तशीच पडून राहते, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवल्यावर ती ‘हे झालंय’ म्हणून पुढे जाते. तात्पुरत्या नावाचं शेपूट मात्र एमपी4 च ठेवा, कारण एफएफएमपेग शेपटीवरून प्रकार ओळखतं.

एफएफडेकची ‘चित्रे’ आणि रफलची चित्रं यांचे क्रमांक एकाच आकड्यापासून सुरू होतील असं धरू नका. एफएफएमपेग पहिलं चित्र 0 ते 4 या क्रमांकांत आपलं आपण शोधतं, त्यामुळे बहुतेक वेळा चालून जातं. मधलंच एखादं चित्र नसेल तर मात्र ते तिथेच व्हिडिओ संपवतं आणि चूक म्हणून सांगतही नाही. म्हणून बांधणीआधी चित्रं मोजा आणि तक्त्यातल्या आकड्याशी ताडून बघा.

कमांड पायथनच्या ‘सबप्रोसेस’ला एक लांब वाक्य म्हणून देऊ नका, तुकड्यांची यादी म्हणून द्या. ‘पाण्याचे चक्र भाग 2’ अशा नावातल्या मोकळ्या जागा मग त्रास देत नाहीत. फायली शोधताना शेपूट आधी छोट्या अक्षरांत करून ताडून बघा; जुन्या सीडींवर ते सर्रास मोठ्या अक्षरांत असतं आणि लिनक्सला दोन्ही वेगळी वाटतात.

पायथनऐवजी शेलमध्ये ‘व्हाइल रीड’ची फेरी लिहिणार असाल तर एफएफएमपेगला ‘-नोएसटीडीइन’ द्याच. नाहीतर ते कळफलकाकडून काही येतंय का म्हणून यादीतलीच अक्षरं गिळतं, आणि पुढच्या फाइलचं नाव शेंडा-बुडखा नसलेलं येतं. यावर एक अख्खा रविवार घालवलेले लोक मला माहीत आहेत. मी त्यांतलाच.

प्रत्येक फाइलसाठी तक्त्यात निकाल लिहा: झाली, चित्रं कमी, आवाज नाही, एफएफएमपेग अडलं. एक फाइल अडली म्हणून अख्खी स्क्रिप्ट थांबू देऊ नका, नोंद करून पुढे जायचं. पहिल्या रात्री पाचच फायलींवर चालवा.

पायरी 5 : न बघता बघणं

सगळे व्हिडिओ शेवटपर्यंत बघणार कोण? तीन तपासण्या यंत्रावर सोपवता येतात.

लांबी: एफएफप्रोबने व्हिडिओचे सेकंद काढा आणि तक्त्यातल्या सेकंदांशी ताडून बघा. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक आला तर खूण करा.

गोठलेलं चित्र: एफएफएमपेगच्या ‘फ्रीझडिटेक्ट’ फिल्टरला पाच सेकंद सांगा. चित्र तेवढा वेळ हललं नाही तर ते वेळ सांगून देतं. रफलने काढलेल्या व्हिडिओंत याचा खरा उपयोग, कारण तिथे ‘पुढे जा’ बटणावर अ‍ॅनिमेशन खरंच थांबतं आणि उरलेला व्हिडिओ म्हणजे एकच चित्र होतं. निवेदक बाई एखाद्या आकृतीवर बराच वेळ बोलत असतील तर तीही यादी वाढवते, पण ती वेळ उघडून बघायला दहा सेकंद लागतात.

ठोकळेचित्र: ‘एफपीएस=1/5,स्केल=160:-1,टाइल=5x4’ हा फिल्टर दर पाच सेकंदांना एक अशी वीस छोटी चित्रं एका पानावर मांडतो; मधलं फुलीचं अक्षर रोमन एक्स. ही पानं फोटोंसारखी भराभर पुढे सरकवत गेलं की पांढरा पडदा, गायब झालेली पार्श्वभूमी, तुटलेलं अक्षर लगेच डोळ्यांत भरतं.

अक्षरांवरून आठवलं. मराठी सीडींची स्वतःची एक व्यथा आहे. त्या काळी युनिकोड नव्हे तर श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत काम चालायचं. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. कलाकाराने मजकूर स्थिर ठेवला असेल तर अक्षरांच्या बाह्यरेषाच फाइलमध्ये येतात आणि काही बिघडत नाही. पण मजकूर स्क्रिप्टमधून भरला जात असेल आणि फाँट आत घातलेला नसेल, तर ‘बाष्पीभवन’च्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसते. ताईच्या शाळेत तो फाँट संगणकावर होता म्हणून कधी कळलं नाही. एफएफडेकमध्ये फाँटांची यादी असते, त्यात नाव आहे पण आत एकही अक्षर नाही असं दिसलं की रोग कळला. तो मूळ फाँट कुठे मिळाला तर संगणकावर बसवून पुन्हा चित्रं काढून बघा. तेही जमलं नाही तर व्हिडिओवर नवीन पट्टी टाकून शब्द लिहावे लागतात, आणि ते हातानेच.

ज्यांचा व्हिडिओ होत नाही

ओढून सोडायचे तुकडे, प्रश्नमंजूषा, ‘बरोबर उत्तरावर क्लिक करा’. यांचा व्हिडिओ करणं म्हणजे कॅरम खेळण्याऐवजी कॅरमचा फोटो बघणं. त्या एसडब्ल्यूएफ तशाच ठेवा आणि रफलमध्ये चालतात का बघा. व्हिडिओच हवा असेल तर रफलच्या खिडकीत स्वतः बटणं दाबत जायचं आणि ओबीएसने पडदा रेकॉर्ड करायचा. ओबीएसमध्ये वेग 60 ठेवा: 12 पैकी प्रत्येक फ्रेमच्या पाच-पाच होतात, हालचाल सारखी राहते. रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा, म्हणजे मध्येच काही बंद पडलं तरी तोवरचं वाचतं.

जिफ आणि एफएलसी, थोडक्यात

इथे एफएफएमपेग थेट चालतं, पहिल्या टप्प्याची गरज नाही. जिफमध्ये प्रत्येक चित्राची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात असते. ती 0 किंवा 1 असेल तर ब्राउझर सहसा 10 धरतात, एफएफएमपेगही तसंच करतं, त्यामुळे वेग ओळखीचाच राहतो. दोन सेकंदांचं फिरतं जिफ असेल तर ‘-इग्नोर_लूप 0’ आणि ‘-टी 10’ देऊन दहा सेकंद फिरवा.

एफएलआय म्हणजे ऑटोडेस्क अ‍ॅनिमेटरची 1989 सालची चाल, 320 बाय 200, 256 रंग. त्या काळच्या पडद्यावर हे ठिपके चौरस नसून उभट दिसायचे. आज तसंच मोठं केलं तर वर्तुळं चपटी होतात. 1600 बाय 1200 करा: आडवे पाचपट, उभे सहापट, दोन्ही पूर्णांक. स्केलला ‘फ्लॅग्ज=नेबर’ द्या, म्हणजे ठिपक्यांच्या कडा धुवून निघत नाहीत.

ठेवायचं काय

मूळ एसडब्ल्यूएफ टाकू नका. एमपी4 ही वाटायची प्रत. ज्या फायलींवर जास्त कष्ट घेतले त्यांची एक बिनतोटा, म्हणजे गुणवत्ता जराही न घटवणारी, प्रत एफएफव्ही1 मध्ये, एमकेव्ही वेष्टनात ठेवा. एफएफव्ही1 चं प्रमाण 2021 साली आरएफसी 9043 म्हणून प्रसिद्ध झालं आहे, म्हणजे उद्या कुणालाही ते वाचणारा प्रोग्रॅम लिहिता येईल. तक्ताही त्याच फोल्डरमध्ये असू द्या. आणि सीडी दुसऱ्या कुणी बनवलेली असेल तर घरात, वर्गात बघणं वेगळं आणि यूट्यूबवर चढवणं वेगळं. चढवण्याआधी ज्याचा हक्क आहे त्याला विचारा.

जलचक्र मी ताईला पाठवलं. तिचा पहिला प्रश्न: पाऊस पडतो तिथे बेडूक ओरडायचा, तो कुठे गेला? इव्हेंट आवाज होता, 205वी फ्रेम. एडिले=17000:ऑल=1.